दुसऱ्या मजल्याची पश्चिम बाजू

हे अविनाशला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणते — तेही खोटंच. सांगितलं नाही. तेहतीस वर्षांचा संसार, आमटीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधी सांगून मोकळी होणारी बाई मी. पण हे नाही. तो गेला त्याला आता तीन वर्षं झाली. आता सांगण्यासारखं माणूस कोण उरलंय? मुलगी इथेच, तासाभरावर ओकव्हिलला असते. रविवारी फोन करते, मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. असली गोष्ट तिला कुठल्या भाषेत सांगू? म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

मी तशी फटकळ. सांगलीची आहे, तोंडावर बोलायची सवय. मंडळाच्या गणपतीत हॉलवाल्याशी कुणी भांडायचं, तर मला पुढे करतात. 'वैशालीताई, तुम्हीच बोला बाई त्याच्याशी.' आणि मी बोलते. तेव्हा 'बाईमाणूस, परका देश, घाबरली असेल बिचारी' असं काही मनात आणू नका. मला बोलता येतं. त्या दिवशीही येत होतं.

मी इंजिनिअर आहे. म्हणजे — होते. सांगलीत सिव्हिल केलं, पाटबंधारे खात्यात नऊ वर्षं काढली. इथे कॅनडात आल्यावर डिग्री ड्रॉवरमध्ये गेली. जिथे अप्लाय करावं तिथे एकच प्रश्न, कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का? तो द्यायला कुणी तयार नाही, आणि तो नाही म्हणून नोकरी नाही. मग ग्रोसरीच्या कॅश काउंटरवर उभी राहिले, मग एका बांधकाम कंपनीत फायली लावायला लागले. फायली लावता लावता पंधरा वर्षांनी कोऑर्डिनेटर झाले — कुठलं इन्स्पेक्शन कधी, कुणाचं काम कधी सुरू, हे सगळं जुळवणारी बाई. इथलं इंजिनिअरचं लायसन्स काही मिळालं नाही. त्यामुळे ऑफिसात मला कुणी कधी इंजिनिअर म्हटलं नाही. बरोबरच होतं. पण दुखायचं.

मग कंपनीने एक नवीन टूम काढली. टूम म्हणते खरी, पण चांगलं काम होतं ते. इथे साइटवर लॅटिनो माणसं खूप. साल्वादोरची, कोलंबियाची, इक्वाडोरची. हात असे की बघत राहावं — टाइल, रंग, छप्पर, ड्रायवॉल. पण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाखाली राबायची. स्वतःची कंपनी काढायची म्हटली की फॉर्म आडवे यायचे. तर अशा छोट्या कंपन्यांना आपण कामं द्यायची, आणि त्याआधी दर शनिवारी सकाळी स्कारबरोच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये त्यांना शिकवायचं. कंपनी रजिस्टर कशी करायची, कामासाठी बोली कशी लावायची, हाताखाली अप्रेंटिस कसे घ्यायचे. शिकवायला कोण जाणार? आमचा सुपरिंटेंडंट, म्हणजे साइटचा मुख्य, ब्रायन. त्याने माझं नाव दिलं. मला स्पॅनिश येत असेल असं त्याला वाटलं. का, तर माझा रंग! मी म्हटलं, ब्रायन, मला थोडं कानडी येतं, चालेल का? तो हसला, आणि पाठवलंच मला.

मी कुरकुरत गेले आणि रमले. बेसमेंटमधला हॉल, घडीच्या खुर्च्या, थर्मासमधली कॉफी. अर्धं इंग्लिश, अर्धे हातवारे. त्या लोकांची एक पद्धत आहे — शिकलेल्या माणसाला त्याच्या शिक्षणाने हाक मारायची, आपण डॉक्टरसाहेब, मास्तर म्हणतो ना, तशी. मी सांगलीला इंजिनिअरिंग केलंय हे कळल्यावर पहिल्याच शनिवारी एका बाईने मला 'इन्हेनिएरा' म्हटलं. इंजिनिअरबाई. मग सगळेच म्हणायला लागले. त्या दिवशी मी घरी येऊन अविनाशला दोनदा सांगितलं. बघा, हे सांगितलं.

ती बाई मार्ता.

पंचेचाळिशीची, बुटकी, खांदे भक्कम. साल्वादोरहून आलेली. साइटवर झाडलोट करायला लागली होती आणि झाडता झाडता, बघून बघून ड्रायवॉलचं काम शिकली. इथल्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. पत्र्याची चौकट उभी करायची, दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड लावायचे, मधल्या पोकळीत वायरी आणि पाइप. बोर्डांचे सांधे लेप लावून, घासून असे बुजवायचे की तिथे सांधा होता हेच कळू नये. मार्ताने घासलेल्या भिंतीवर मी हात फिरवून बघितलाय. सापडत नाही सांधा. तिने स्वतःची कंपनी काढली, आईच्या नावाने. ती आणि तीन बायका. व्हॅनवर नाव तिने स्वतः रंगवलं होतं, शेवटची अक्षरं जरा दाटीवाटीने बसवलेली.

तिला पहिलं काम मी मिळवून दिलं. ब्रायनच्या मागेच लागले. स्कारबरोमध्येच म्हाताऱ्या माणसांसाठी तीन मजली इमारत उभी राहत होती, तिचा दुसरा मजला. ते नीट झालं तर मार्ताचं नाव कंपनीच्या कायमच्या यादीत लागणार होतं. यादीत नाव म्हणजे वर्षभर काम. आणि वर्षभर काम असेल तर आणखी दोघींना अप्रेंटिस म्हणून घ्यायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. त्या दोघी कोण, हेसुद्धा ठरलं होतं. सगळं त्या एका मजल्यावर होतं.

आणि माझ्या वर्गाचा पहिला नियम कुठला, माहितीये? बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहायचे मी. सिन पापेल, नो. कागद नाही, तर काम नाही. साइटवर कुणीही तोंडी काही सांगितलं — हे तोड, ते बंद कर — हात लावायचा नाही. लेखी मागायचं. कारण उद्या काही बिनसलं की सांगणारा हात वर करतो, आणि मरतो करणारा. हे मी त्यांच्याकडून वर्गात तीन-तीनदा म्हणून घ्यायचे, पाढ्यांसारखं. मार्ताचा आवाज सगळ्यांत मोठा.

आता — सांगते.

नोव्हेंबर होता. भिंतीची एक बाजू लावून झालेली, आतल्या वायरी-पाइप उघडे. ते इन्स्पेक्टरने बघून पास करायचं, मगच दुसऱ्या बाजूचा बोर्ड लावून भिंत बंद करायची. तोवर नाही. हे पास झालं की नाही ते बघून सांगणं, हे माझं काम. अख्ख्या साइटवर फक्त माझं. गुरुवारी दुपारी मार्ताने विचारलं. मी फोनवर यादी उघडली. दुसरा मजला — पास. मी तेवढंच वाचलं. खाली आणखी एक ओळ होती. पास झालेली फक्त पूर्वेची बाजू होती, पश्चिमेची सोमवारी बघायची होती. बोट एकदा वर सरकवलं असतं तर दिसलं असतं. का नाही सरकवलं? साडेतीनला गाडीला बर्फाचे, विंटर टायर्स बसवून घ्यायचे होते. बस. एवढंच होतं.

मी म्हटलं, झालंय, सगळं बंद कर, पश्चिमेकडचंही.

मार्ता हसली. हवेतच लिहिल्यासारखं केलं बोटांनी. कागद, इन्हेनिएरा? चेष्टेत. माझाच धडा मला.

आणि मी म्हटलं, अगं, मी सांगतेय ना!

इंग्लिशमध्येच म्हटलं, पण सूर तोच. तुम्हाला माहितीये तो सूर. त्यावर कुणी पुढे बोलतं का? 'ओके, इन्हेनिएरा' म्हणाली आणि शिडीवर चढली. शुक्रवार-शनिवार चौघी राबल्या. शनिवारी ती पहिल्यांदा वर्गाला आली नाही. काम करतेय म्हणून मी कौतुकाने सांगितलं सगळ्यांना.

सोमवारी इन्स्पेक्टर आला. त्याच्यासमोर बंद भिंत. तो काही ओरडला वगैरे नाही. अख्खी पश्चिम बाजू उघडा, म्हणाला आणि सही करून गेला. मी ट्रेलरमध्ये बसून यादी परत उघडली. या वेळी बोट सरकवलं. ती ओळ तिथेच होती.

ब्रायनने आम्हा दोघींना बोलावलं. ट्रेलर म्हणजे साइटवरचं ऑफिस, पत्र्याचा डबा. हीटर घरघरत होता. ब्रायन तापला होता, पण आवाज शांत. त्याने आधी मला विचारलं. सरळ प्रश्न होता, वैशाली, बंद करायला तू सांगितलंस का?

हो की नाही. दोनच उत्तरं होती ना? मी तिसरं काढलं. म्हटलं, ब्रायन, मी त्यांना काय शिकवते तुला माहितीये. नियम एक, कागद नाही तर काम नाही.

बघा. यात एक अक्षर खोटं नाही. मी 'नाही' असं म्हटलं नाही. पुढे कित्येक दिवस स्वतःला हेच सांगत होते — मी खोटं बोलले नाही. पण ते वाक्य मी खोट्यासाठीच निवडलं होतं, एका सेकंदात, आणि किती सहज सुचलं! ब्रायनने मान डोलावली. त्याला उत्तर मिळालं. तो मार्ताकडे वळला. कागद होता का तुझ्याकडे?

मार्ता माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी वाक्य अर्धं बोललेय, उरलेलं आता बोलेन, म्हणून थांबली होती. किती वेळ थांबली? मला तेव्हाही ते मोजायचं नव्हतं. मी टेबलावरचे नकाशे सारखे करत बसले. नीटच होते ते.

मग तिने मान खाली घातली आणि म्हणाली, नाही. कागद नव्हता. चूक माझी.

तिने माझं नाव का नाही घेतलं? मी खूप विचार केलाय. मला वाचवलं का? की कुणी विश्वास ठेवणार नाही हे तिला कळलं? की — आणि मला हेच खरं वाटतं — गुरूचं नाव घ्यायचं नसतं, असं काहीतरी तिच्याकडेही असेल? माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

यादीतून नाव गेलं. म्हणजे, लागलंच नाही. उरलेलं काम दुसऱ्याला. पण उघडायचं काम तिचंच होतं. दोन दिवस चौघी स्वतः लावलेले बोर्ड फोडत होत्या. मी खाली ट्रेलरमध्ये ईमेल्स करत होते. जिप्सम फुटतं तेव्हा मोठा आवाज होत नाही, भद्‌भद्‌ असा होतो. दोन्ही दिवस मी दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये मार्ता भेटली. टाळायचं होतं मला, पण तिची व्हॅन माझ्या गाडीला लागूनच होती. केस पांढरेफक पडलेले, भुकटीने. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. द्याव्यात, असं वाटलं. तिने फक्त विचारलं, इन्हेनिएरा, मी तुमच्याकडूनसुद्धा कागद घ्यायला हवा होता का?

तिने खरंच विचारलं होतं. शिकणाऱ्याने शिकवणारीला विचारावं तसं. तिथे कुणी नव्हतं, ब्रायन नाही, कुणी नाही. तिथे तरी मला सांगता आलं असतं की नाही ग, चूक माझी, मला माफ कर. कुणाला कळलं असतं?

मी म्हटलं, हो. घ्यायला हवा होता.

ट्रेलरमधलं कदाचित भीतीपोटी होतं, असं म्हणेन मी. हे कशापोटी होतं? मला अजून नाव सापडलेलं नाही त्याला. तिने मान डोलावली, धडा कळल्यासारखी. व्हॅनमध्ये बसली आणि गेली.

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली. संपू कुठे दिली मी? पुढच्या टर्मला मी ती वर्गात सांगायला लागले. नाव न घेता. 'एक कॉन्ट्रॅक्टर होती, चांगली होती, कागद न घेता भिंत बंद केली, सगळं गेलं.' वर्ग सुन्न व्हायचा. पेनं चालायची. इतकी छान सांगायचे मी ती — कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं. तोंडी कुणी सांगितलं होतं, हे मात्र त्या गोष्टीत कधी आलं नाही. कुणी विचारलंही नाही. सेंटरवाल्या बाईने एकदा विचारलं, मार्ताचं काय झालं हो? मी म्हटलं, कॉम्पिटिशन फार आहे ना.

अविनाश आजारी पडला, गेला. ऑफिस सुटलं, रिटायर झाले. वर्ग मात्र सोडला नाही. मंडळातले लोक म्हणतात, वैशालीताईंचं सोशल वर्क आहे, त्यांना एकटं वाटत नसेल. खरं सांगू? सोमवार ते शुक्रवार माझ्या तोंडून पन्नास शब्द निघत नाहीत. दारातला बर्फ उपसायचंही काम नाही, फ्लॅट आहे, काँडो. शनिवारी सकाळी त्या बेसमेंटमध्ये वीस माणसं मला इन्हेनिएरा म्हणतात. ते एवढं आहे माझ्याकडे. आणि मी हे तिथे सांगितलं, तर तेही जाईल. म्हणून नाही सांगितलं. मोठं कारण काही नाही.

गेल्या वसंतात वर्गात एक नवीन बाई आली. योलांदा. स्वतःची रंगकामाची कंपनी काढायची होती तिला. तिसऱ्या शनिवारी मी माझी ती नेहमीची गोष्ट सांगितली. सगळे लिहीत होते. तिने पेन खाली ठेवलं. मी बघितलं ते, पण तंद्रीत होते, पुढे गेले.

वर्ग संपल्यावर ती खुर्च्या आवरायला थांबली. चार खुर्च्या भिंतीला लावल्यावर म्हणाली, इन्हेनिएरा, त्या गुरुवारी मी तिथे होते, मार्ताच्या तिघींत. बोर्ड धरून, तुमच्या मागच्या शिडीवर. तुम्ही मला ओळखलं नाहीत, हेल्मेट होतं, मास्क होता.

आणि पुढची खुर्ची उचलली.

मी काय करावं? खाली बसले. उभी केलेलीच एक खुर्ची ओढली आणि बसले. विचारलं काय, तर मार्ता कुठे आहे. योलांदाने सांगितलं, लांब पश्चिमेला, रेजिनाला. तिचा चुलतभाऊ असतो तिकडे. दुसऱ्याच्या कंपनीत सांधे घासते. व्हॅन इथेच विकली. त्या दोघी, ज्यांना अप्रेंटिस घ्यायचं होतं, त्यांतली एक आता घरं साफ करते, दुसरीचं माहीत नाही. आणि मार्ता आता लेखी असल्याशिवाय काहीच करत नाही म्हणे. मुकादमाने बादली इकडून तिकडे ठेव म्हटलं तरी कागद मागते. लोक हसतात तिला. त्या चुलतभावाच्या शब्दावरही विसंबत नाही. योलांदा हे सांगताना थोडं हसली. मग हसू थांबलं.

ती माझ्यावर चिडली नाही. तुम्ही का गप्प बसलात, हेही विचारलं नाही. फक्त जाताना म्हणाली, ती गोष्ट पुन्हा सांगू नका, प्लीज. मी नाही सांगितली. तिने कोर्स पूर्ण केला, मी सर्टिफिकेटवर सही केली, तिने थँक यू म्हटलं आणि माझ्याकडे न बघता गेली.

पण तिने विचारलं असतं, की का गप्प बसलात, तर? काय सांगणार होते मी? नोकरी गेली असती? त्याच हिवाळ्यात आमच्या ऑफिसातल्या एकाने चुकीच्या मजल्यासाठी काँक्रीट ओतायची तारीख दिली होती. भिंत उघडण्याहून कितीतरी मोठा घोळ. त्याने ट्रेलरमध्ये येऊन सरळ सांगितलं, ब्रायन, माझी चूक. ब्रायनने त्याला पाच मिनिटं झाडलं, मग दोघं कॉफी प्यायला गेले. मी तिथेच बसले होते, समोरच्या टेबलाशी. बघत होते.

तेवढंच झालं असतं माझं. पाच मिनिटं. ब्रायनची बोलणी मला खायची नव्हती, म्हणून मार्ताची कंपनी गेली.